ओळख परेड : बोट दाखवण्याचा इतिहास

प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने न्यायालयात आरोपीकडे बोट दाखवणे हा भारतीय कायद्यात ओळखीचा मूळ पुरावा मानला जातो. परंतु आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला ओळखताना स्मरणशक्तीचा कस फारसा लागत नाही, म्हणून तपासाच्या काळातच ‘ओळख परेड’ घेण्याची, म्हणजे संशयिताला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या माणसांच्या रांगेत मिसळून साक्षीदाराला तो निवडायला लावण्याची, पद्धत रूढ झाली. 1872 च्या पुरावा अधिनियमात या परेडचे नावही नव्हते. ओळख पटवणारी तथ्ये प्रस्तुत ठरवणाऱ्या त्याच्या कलम 9 वर ती उभी राहिली आणि तिचे मोल दुजोऱ्यापुरतेच राहिले.

मुंबईतील 1951 च्या लॉईड्स बँक दरोड्याच्या खटल्यात या पद्धतीचा खरा पेच सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पोलिसांपुढे तपासात केलेले निवेदन पुरावा म्हणून वापरण्यास 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 162 मनाई करीत असे; मग साक्षीदार काही न बोलता नुसते बोट दाखवत असेल, तर ते निवेदन ठरते काय? न्यायालयाने ते निवेदनच ठरवले, बोट दाखवणे, स्पर्श करणे, होकारार्थी मान हलवणे, सारे त्यात धरले, आणि पोलिसांनी बाजूला होऊन परेड सर्वस्वी पंचांवर, म्हणजे कारवाईला साक्ष राहणाऱ्या नागरिकांवर, सोपवली असेल तरच तो पुरावा ग्राह्य मानला. हा निर्णय मोलाचा होता, कारण मुक्या खुणेमागेही कोणाची तरी सूचना असू शकते हे त्याने ओळखले. तथापि पोलिसांचा हात दूर झाला तरी स्मृतीचा दोष उरतोच. लंडनमध्ये अडॉल्फ बेक याला 1896 मध्ये आणि पुन्हा 1904 मध्ये फसवल्या गेलेल्या अनेक स्त्रियांनी ठामपणे ओळखले होते, आणि फसवणूक करणारा माणूस मात्र दुसराच निघाला.

पुढे परेडची सूत्रे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेने एका आरोपीमागे किमान सहा सारख्या दिसणाऱ्या व्यक्ती, ज्यांना बोलीत ‘डमी’ म्हणतात, उभ्या करण्यास आणि एका परेडीत दोहोंपेक्षा अधिक आरोपी न ठेवण्यास सांगितले, तसेच रांगेतील जागा निवडण्याची व बदलण्याची मुभा आरोपीला दिली. साक्षीदाराने आरोपीला आधी पाहिले असेल तर ही सारी काळजी व्यर्थ जाते. म्हणूनच परेड होईपर्यंत कोठडीतून न्यायालयात ने-आण करताना आरोपीच्या तोंडावर बुरखा घातला जातो.