एक्झॉस्ट झडपांचा घरगुती नियंत्रक
२००६ च्या कॉर्व्हेट झेड०६ मधील एक्झॉस्टच्या झडपा इंजिनाच्या निर्वातावर चालतात. सोलेनॉइडला वीज मिळाली की झडप मिटते, वीज तुटली की उघडते. फ्यूज काढण्याची प्रसिद्ध युक्ती यातूनच आली. आर्डुइनो व मॉस्फेट घेऊन नियंत्रक घरी बनवता येतो. सोलेनॉइडला समांतर उलटा डायोड मात्र हवाच, अन्यथा वीज तोडताना उसळणारे व्होल्टेज मॉस्फेट जाळते.

खरी अडचण पुढची आहे. सर्किट निकामी झाल्यास झडप उघडीच राहते, गाडी गर्जत राहते. ऑन्टारिओच्या महामार्ग वाहतूक कायद्याच्या कलम ७५ नुसार मफलर अखंड कार्यरत असावा लागतो आणि बायपाससारख्या साधनास मनाई आहे. हिवाळ्यात रस्त्यावरील मिठाने गंजून अडकलेली झडप तर कोणताही नियंत्रक हलवू शकत नाही.