अर्धे उमटलेले नगर

हातोड्याने ठोकून पाडलेले नाणे एकटे असताना क्वचितच पूर्ण बोलते. यंत्राच्या नाण्यांची सवय झालेल्या आपल्या डोळ्यांना ही गोष्ट चटकन उमगत नाही. वजन करून घेतलेली चांदीची चकती दोन ठशांमध्ये धरायची आणि वरच्या ठशावर घाव घालायचा, एवढीच ही कृती. ठसा बहुधा चकतीहून मोठा असे; त्यामुळे ठशावर कोरलेला मजकूर नाण्यावर संपूर्ण उमटत नसे. इंग्लंडने ही पद्धत १६६२ च्या सुमारास सोडली. आपल्याकडे ती एकोणिसाव्या शतकापर्यंत चालत राहिली.

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या शहराच्या नाण्यांकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. शहर वसले १४९४ साली. परंतु निजामशाहीची आज ज्ञात असलेली नाणी प्रामुख्याने तांब्याची आहेत. नगरचे नाव चांदीवर ठळकपणे येते ते मुघल अमलात. औरंगजेबाच्या रुपयाच्या एका बाजूस बादशहाचे नाव गुंफलेला फारसी शेर आणि हिजरी सन असतो. दुसऱ्या बाजूस जुलूस, म्हणजे राज्यारोहणापासूनचे वर्ष, आणि ‘जर्ब’ या शब्दापाशी टांकसाळीचे नाव. ही दोन वर्षे एकमेकांची साक्ष देतात. जुलूस वर्षांची गणना १०६८ च्या रमजानपासून होत असल्याने हिजरी ११०० शी बत्तिसावे किंवा तेहतिसावे वर्षच जुळते. सन काठावर कापला गेला असला तरी जुलूस वर्षावरून तो बराचसा सांगता येतो.

टांकसाळीच्या नावाबाबत मात्र अशी सोय नाही. नाण्यावर केवळ ‘नगर’ एवढीच अक्षरे उतरली असतील तर ते अहमदनगर कशावरून? औरंगजेबाच्या काळात आझमनगर नावाचीही टांकसाळ होती. अशा वेळी विद्वत्तेपेक्षा दुसरे नाणे अधिक उपयोगी पडते. त्याच ठशाने पाडलेल्या, पण चकती थोडी सरकलेल्या रुपयावर नावाचा पूर्वार्ध सापडतो. अक्षरांची वळणे, ठिपक्यांच्या जागा, ठशाला गेलेला तडा जुळवून पाहिले की दोन अर्ध्या नाण्यांतून एक पूर्ण वाचन हाती येते.

आता प्रश्न असा की, एकाच ठशाची नाणी एकत्र भेटणार कोठे? तशी शक्यता सर्वाधिक असते ती जमिनीत पुरलेल्या ठेव्यात. ठेवा मोडला, की नाण्यांचे हे सोबतीच नाहीसे होतात. ठेवा अखंड राहिल्याने काय साधते, याचे उदाहरण शेजारच्याच नाशिक जिल्ह्यात आहे. १९०६ साली जोगलटेंभी येथे नहपान क्षत्रपाची सुमारे १३,२५० चांदीची नाणी मिळाली. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांचा अभ्यास केला. त्यांपैकी ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. असे एकच नाणे मिळाले असते, तर एका राजाने दुसऱ्याच्या नावावर आपले नाव ठोकले, एवढेच कळले असते. सबंध ठेव्यामुळे कळते, की जिंकलेल्याची चांदी मोठ्या प्रमाणावर न वितळवता पुन्हा चलनात आणली गेली, आणि ठसा न मारलेली नाणीही तिच्या जोडीने नांदत होती.

असे ठेवे मोडतात त्याचे खापर केवळ शेतकऱ्याच्या लोभावर फोडणे आम्हाला न्याय्य वाटत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक केले. पण सरकारने तो घ्यायचा ठरवल्यास मोबदला काय, तर धातूची किंमत आणि तिचा एक पंचमांश. ज्या रुपयाचे मोल त्यावरील अक्षरांत आहे, त्याला कायदाच चांदीच्या तराजूत घालतो. मग तो सराफाच्या मुशीत गेला तर नवल काय? इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्यानुसार बाजारभावाइतके बक्षीस देता येते आणि १९९७ पासून लहानसहान सापडीचीही स्थळासह नोंद ठेवली जाते. त्या नोंदींनी तेथील मध्ययुगाचा अभ्यास पालटला.

कायदा बदलेल तेव्हा बदलो. संग्राहकाला आजही पुष्कळ करता येण्याजोगे आहे. चिंच किंवा आम्ल लावून नाणे चकचकीत करू नये. त्याने अक्षरांच्या कडा जातात. वजन आणि व्यास टिपून ठेवावा. पृष्ठभागावरील बारीक छिद्रे किंवा काठावरची सांध्याची रेघ ओतीव नक्कल असल्याची शंका उत्पन्न करतात, तीही पाहावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नाणे कोणत्या गावचे, कोणत्या नाण्यांच्या संगतीत मिळाले, हे विकणाऱ्याला विचारून चिठीवर लिहावे. नगरच्या टांकसाळीचा दुर्मीळ रुपया पेटीत असणे भाग्याचे खरेच. पण गावाचे नाव लिहिलेली चिठी नसेल, तर त्याच्या हरवलेल्या अर्ध्या भागाचा शोध कोठून सुरू करायचा, हे पुढच्या अभ्यासकाला कधीच कळणार नाही.