परवाना परत केला, दीक्षा नाही

नमस्कार मंडळी.

प्रत्येक भागाची सुरुवात मी याच शब्दाने करतो. मराठी ख्रिस्ती लोकांत ‘मंडळी’ म्हणजे चर्च. चर्चची इमारत नव्हे, तिथे जमणारी माणसे. आणि आपल्या आजोबांच्या पिढीत ‘आमची मंडळी’ म्हणजे बायको! आजच्या विषयात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. चर्चमध्ये बाईने कोणते काम करावे, आणि ती करत असलेल्या कामाला पद द्यावे की नाही, हा आजचा प्रश्न.

मी ख्रिस्ती नाही, धर्मशास्त्राचा अभ्यासकही नाही. मी फौजी माणूस. या विषयाकडे मी लढाईच्या वाटेने आलो. हाँगकाँगची १९४१ सालची लढाई वाचत होतो. त्या लढाईत आपली माणसे होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सातव्या राजपूत रेजिमेंटची पाचवी पलटण आणि चौदाव्या पंजाब रेजिमेंटची दुसरी पलटण, अशा दोन हिंदी पलटणी तिथे होत्या. जपान्यांनी ८ डिसेंबरला हल्ला केला. १८ डिसेंबरच्या रात्री ते हाँगकाँग बेटावर उतरले ते राजपुतांच्या अंगावरच. त्या पलटणीची फार मोठी हानी झाली. २५ डिसेंबरला, ऐन नाताळच्या दिवशी, हाँगकाँगने शरणागती पत्करली.

लढाईचा इतिहास बहुधा इथे संपतो. पण शरणागतीनंतर मागे राहिलेल्या माणसांचे काय झाले, ते शोधताना मला एक नाव सापडले. ली टिम-ओई.

टिम-ओईचा जन्म हाँगकाँगचा, ५ मे १९०७ चा. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की उसासे, हा रिवाज तिथेही होता. पण तिच्या वडिलांनी मुलीचे नाव असे ठेवले की त्यातच ‘लाडकी’ हा अर्थ आहे. ते शाळेचे मुख्याध्यापक होते. पुढे बाप्तिस्मा घेताना तिने स्वतःसाठी आणखी एक नाव निवडले, फ्लॉरेन्स. हे नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेलवरून घेतलेले. क्रिमियाच्या युद्धात जखमी शिपायांची शुश्रूषा करणारी ती बाई सगळ्याच फौजांना माहीत आहे.

१९३१ साली हाँगकाँगच्या सेंट जॉन्स कॅथीड्रलमध्ये एका इंग्रज बाईंना ‘डीकनेस’ म्हणून नेमण्याचा विधी होता. तेव्हाच्या प्रवचनात विचारले गेले, की चिनी मंडळीसाठी असे आयुष्य द्यायला एखादी चिनी मुलगी पुढे येईल का? ऐकणाऱ्यांत टिम-ओई होती. तिने तो प्रश्न स्वतःला विचारलेला मानला. कँटनच्या धर्मविद्यालयात शिकून ती परतली, निर्वासितांत काम केले, आणि मग चर्चने तिला मकावला पाठवले.

इथे थोडी रचना समजून घेऊ. टिम-ओईचे चर्च अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परिवारातले. त्यात तीन पायऱ्या असतात. पहिली डीकन, म्हणजे सेवक. दुसरी प्रीस्ट, म्हणजे धर्मगुरू. तिसरी बिशप, म्हणजे साऱ्या प्रांताचा प्रमुख. डीकनला प्रार्थना चालवता येते, आजाऱ्यांना भेटता येते, अंत्यविधी करता येतो. पण भाकर आणि द्राक्षारसाचा प्रभुभोजनाचा विधी फक्त धर्मगुरूच चालवू शकतो. टिम-ओईला १९४१ च्या मे महिन्यात डीकनेस करण्यात आले. बाईसाठी वाट तिथेच संपत होती. मकावच्या मंडळीसाठी प्रभुभोजनाला हाँगकाँगहून धर्मगुरू येत असत.

हाँगकाँग पडले आणि ते येणे बंद झाले.

मकाव ही गोव्यासारखीच पोर्तुगिजांची वसाहत. पोर्तुगाल युद्धात तटस्थ, म्हणून मकाववर जपानी झेंडा चढला नाही. साहजिकच आसपासचे निर्वासित तिथे लोटले. अन्न तुटपुंजे. माणसे भुकेने मरत होती. टिम-ओई त्यांच्यासाठी धान्य मिळवत होती, मुलांना बाप्तिस्मा देत होती, मेलेल्यांना मूठमाती देत होती. धर्मगुरू मात्र नाही. तेव्हा सहायक बिशप मोक यांनी तिला परवानगी दिली, की धर्मगुरू येईपर्यंत प्रभुभोजनाचा विधी तूच चालव. असे दोन वर्षे चालले. फौजेच्या भाषेत सांगायचे, तर खांद्यावर फीत नाही, पण कमान हातात आहे.

आता या गोष्टीतला दुसरा माणूस. हाँगकाँगचे बिशप रोनाल्ड हॉल. पहिल्या महायुद्धात फौजेत अधिकारी होते, मिलिटरी क्रॉस मिळवलेले. हाँगकाँग पडले तेव्हा ते बाहेर होते, म्हणून कैदेतून वाचले आणि चीनच्या मोकळ्या भागातून काम पाहू लागले. त्यांच्यासमोर पेच असा होता. जिला दीक्षा नाही, तिच्याकडून दीक्षितांचे काम करून घेणे हा नियमभंग. बाईला दीक्षा देणे हाही नियमभंग. आणि मंडळीला प्रभुभोजनाशिवाय ठेवणे हे बिशप म्हणून त्यांना मान्य नव्हते. मग त्यांनी ठरवले, की काम जर ही बाई समर्थपणे करत आहे, तर देणगी देवाने आधीच दिलेली आहे. आपण फक्त तिला नाव द्यायचे.

१९४४ च्या जानेवारीत टिम-ओई मकावहून निघाली आणि जपानी ताब्यातला मुलूख ओलांडून ग्वांगडाँग प्रांतातील झाओचिंगला पोचली. २५ जानेवारी १९४४ रोजी हॉलने तिला धर्मगुरूची दीक्षा दिली. जगभरच्या अँग्लिकन चर्चमधली ही पहिली स्त्री धर्मगुरू. ती पुन्हा त्याच वाटेने मकावला परतली आणि कामाला लागली. हॉलने कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम टेंपल यांना पत्राने हे कळवले. टेंपल यांना ते मान्य नव्हते. पण युद्ध चालू होते, आणि युद्धात बरेच काही चालून जाते.

मग युद्ध संपले.

आपल्याकडे १९६२ नंतर तरुणांना इमर्जन्सी कमिशन दिले गेले आणि गरज सरल्यावर त्यांतल्या अनेकांना घरी पाठवले गेले. टिम-ओईच्या बाबतीत तेच झाले. टेंपल वारले होते. नवे आर्चबिशप जेफ्री फिशर यांनी हॉलवर दबाव आणला. चीनमधल्या इतर बिशपांनाही ही दीक्षा मंजूर नव्हती. त्यांचे म्हणणे अगदीच बिनबुडाचे होते असे मी म्हणणार नाही. जवळजवळ दोन हजार वर्षांची परंपरा एका बिशपने एकट्याने मोडावी का, हा त्यांचा प्रश्न होता. वरिष्ठांना न विचारता घेतलेला निर्णय फौजेतही सहज पचत नाही. पण या वादाची किंमत हॉलने भरायची की टिम-ओईने, एवढेच ठरायचे राहिले होते.

तिला सांगण्यात आले, की एक तर तू पद सोड, नाही तर तुझ्या बिशपला पद सोडावे लागेल. १९४६ साली तिने निर्णय दिला. धर्मगुरू म्हणून काम करण्याचा परवाना तिने परत केला. दीक्षा परत केली नाही.

फौजी माणसाला हा फरक पटकन कळतो. नेमणूक वेगळी आणि कमिशन वेगळे. नेमणूक वरिष्ठ देतात आणि वरिष्ठ काढून घेतात. कमिशन माणसाबरोबर राहते. अँग्लिकन शिकवणीप्रमाणे दीक्षा एकदा मिळाली की पुसली जात नाही. टिम-ओईने भांडण केले नाही, वर्तमानपत्रात गेली नाही. पण जे तिच्याकडून मागता येत नव्हते, ते तिने दिलेही नाही.

हॉलने तिला हेपू या गावी पाठवले, व्हिएतनामच्या सरहद्दीकडे. तिथे तिने प्रसूतिगृह सुरू केले. जन्मलेली मुलगी नकोशी म्हणून तिथल्या तिथे मारली जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. जिच्या बापाने मुलगी झाल्याचा आनंद केला, तिलाच हे सुचणार. १९४८ साली चीनच्या चर्चतर्फे लँबेथ परिषदेपुढे, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन बिशपांपुढे, प्रस्ताव गेला, की वीस वर्षे प्रयोग म्हणून आम्हाला स्त्रियांना दीक्षा देऊ द्या. परिषदेने नकार दिला.

१९४९ ला चीनमध्ये कम्युनिस्ट राजवट आली. पुढे टिम-ओईला शेतावर आणि कारखान्यात राबावे लागले. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात रेड गार्डांनी तिची धर्मवस्त्रे तिलाच कात्रीने कापायला लावली. जीव द्यावा असेही तिच्या मनात येऊन गेले. बाहेरच्या जगाने पद मानले नव्हते, आणि घरच्या राजवटीने त्याच पदासाठी शिक्षा केली. दोन्ही एकाच बाईच्या वाट्याला.

तिकडे ती दिसेनाशी झाली असताना जग हळूहळू हलत होते. १९७१ साली केनियात लिमुरू येथे अँग्लिकन सल्लागार परिषद भरली. बिशपाने आपल्या चर्चच्या संमतीने स्त्रीला दीक्षा दिली तर ती मान्य धरावी, असा ठराव २४ विरुद्ध २२ मतांनी झाला. म्हणजे दोन मतांचे अंतर! त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये जेन ह्वांग आणि जॉइस बेनेट या दोघींना रीतसर दीक्षा मिळाली.

१९७९ नंतर चीनमधली चर्चे पुन्हा उघडू लागली, तशी टिम-ओई पुन्हा मंडळीत आली. १९८३ साली ती कॅनडात टोरंटोला गेली. तिथे तिचे धर्मगुरूपद पुन्हा मानले गेले. १९८४ साली, दीक्षेला चाळीस वर्षे झाली तेव्हा, लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत तिच्या सन्मानार्थ उपासना झाली. २६ फेब्रुवारी १९९२ रोजी ती वारली. इंग्लंडच्या चर्चने स्त्रियांना धर्मगुरू करण्याचा निर्णय घेतला तो त्याच वर्षी, ११ नोव्हेंबरला. साडेआठ महिन्यांनी चुकले. १२ मार्च १९९४ रोजी ब्रिस्टल कॅथीड्रलमध्ये ३२ स्त्रियांना एकदम दीक्षा मिळाली. आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मुलाली यांचे नाव जाहीर झाले. ज्या गादीकडून १९४६ चा दबाव आला, त्याच गादीसाठी एक स्त्री. त्या पेशाने आधी परिचारिका होत्या. फ्लॉरेन्स नाव घेतलेल्या बाईला हे ऐकून हसू आले असते.

आपल्याकडे काय? पंडिता रमाबाईंचे उदाहरण पाहा. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात होत्या. रमाबाईंनी तरुण पुरुषांना शिकवावे की नाही, असा प्रश्न आला तेव्हा भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. कोणाला शिकवण्यावर हरकत? जिच्या विद्वत्तेपुढे कलकत्त्याचे पंडित नमले, तिने! त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे केले आणि मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणले. धर्मगुरूची दीक्षा त्यांना कधी नव्हती. काम होते, पद नव्हते. त्यानंतर बराच काळ लोटला. चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ साली नंद्याल प्रांतासाठी ई. पुष्पललिता यांना बिशप केले, त्या चर्चच्या पहिल्या स्त्री बिशप. वसई-गोव्यातल्या आपल्या कॅथलिक बंधुभगिनींच्या चर्चमध्ये मात्र ही दीक्षा स्त्रियांना आजही मिळत नाही. त्यांचा प्रश्न त्यांनी सोडवायचा आहे, मी बाहेरून शहाणपण सांगणार नाही.

कारण सांगण्यासारखे माझ्याच घरात आहे. भारतीय सैन्याने वैद्यकीय शाखांबाहेर स्त्रियांना अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात केली तीही १९९२ सालीच. बहुतेक शाखांत कायम कमिशनसाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालापर्यंत थांबावे लागले. मधल्या काळात मी एका युनिटचा सीओ होतो. माझा ॲडज्युटंट जखमी होऊन चार महिने इस्पितळात होता. एका तरुण महिला कॅप्टनने त्याचे काम सांभाळले. तपासणी आली, कागद चोख निघाले, शाबासकी मला मिळाली. ती जागा रीतसर भरायची वेळ आली तेव्हा मी एका पुरुष अधिकाऱ्याचे नाव पाठवले. नियम आडवा येत नव्हता. मीच आडवा आलो. तिने सलाम केला आणि आपल्या जुन्या टेबलावर गेली. मी कारण सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. मुदत संपल्यावर तिने फौज सोडली.

टिम-ओईची गोष्ट वाचताना मी स्वतःला हॉलच्या जागी पाहू लागलो होतो. दोन दिवसांनी कळले, की माझी जागा फिशरच्या शेजारी आहे. संकटात बाईच्या हाती काम द्यायला आपण कचरत नाही. संकट टळले की पदाची आठवण होते. १९४४ आणि १९४६ मधले अंतर ते एवढेच.

त्या कॅप्टनला मी पत्र लिहिले आहे. वीस वर्षे उशिरा. हा भाग रेकॉर्ड झाला की पेटीत टाकणार आहे.

पुढच्या भागात भेटू, मंडळी. जय हिंद.