षड्जाची डबी

धारूर हें बालाघाटाच्या डोंगरावरचें गांव. आदिलशाहींत बांधलेल्या किल्ल्यामुळें इतिहासांत त्याचें नांव आहे. अशा गांवीं एखाद्या मुलीनें गाणें शिकावयाचें मनांत आणलें, तर गुरु मिळण्याच्याहि आधीं एक प्रश्न उभा राहतो: षड्ज कोणाकडून घ्यावयाचा? तानपुरा मिरजेस होतो. एकोणिसाव्या शतकांत फरीदसाहेब या शिकलगारानें तलवारींना धार देण्याचा पिढीजात धंदा सोडून तंतुवाद्यें करण्यास हात घातला, आणि त्याच्या वंशजांनीं मिरजेचें नांव देशभर केलें. परंतु पंढरपूरकडील भोपळ्यांचा तो तानपुरा महाग, नाजूक, आणि गाडीवरून नेतांना फुटण्याची धास्ती निराळीच. शिवाय तो लावावयास तयार कान लागतो, व शिकणाऱ्याजवळ तोच तर नसतो.

यावर महाराष्ट्रानें काढलेला सोपा उपाय म्हणजे बाजाची पेटी. कीर्तनकारापासून नाटक मंडळीपर्यंत सर्वांनीं ती आपलीशी केली. पण तिच्या सुरांत एक खोट होती. युरोपीय पद्धतीप्रमाणें सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून ते सूर लावलेले असत. षड्ज दर सेकंदास २४० आंदोलनांचा धरला, तर शुद्ध गांधार ३०० वर यावयास हवा. पेटीचा येतो सुमारें ३०२.४ वर. आंकडा क्षुल्लक दिसतो. पण १२० आंदोलनांच्या खर्जाच्या तारेंतून तिच्या पांचपट, म्हणजे ६०० आंदोलनांचा एक उपस्वर आपोआप निघत असतो; चांगल्या तानपुऱ्यांतून न वाजवितां ऐकूं येणारा गांधार तो हाच. पेटीच्या गांधाराचा दुप्पट स्वर जवळजवळ ६०५ वर पडतो. दोघांची टक्कर होऊन सेकंदास सुमारें पांच हेलकावे उठतात, आणि ते कानाला सलतात.

ही खोट मोजून काढण्याचा उद्योग सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनीं केला. त्यांचें साधन म्हणजे ताणलेली तार, तिच्याखालीं सरकणारी घोडी आणि मोजपट्टी. ३६ इंच तारेवर षड्ज धरला तर २४ इंचांवर पंचम, २७ इंचांवर मध्यम आणि २८.८ इंचांवर शुद्ध गांधार मिळतो. गाणाऱ्याचा स्वर ऐकावयाचा, घोडी सरकवून तार त्याच्याशीं जुळवावयाची, आणि लांबी लिहून ठेवावयाची. या कामीं त्यांना अब्दुल करीम खांसाहेबांच्या गळ्याचें साहाय्य लाभलें. १९१० सालीं देवलांचें बावीस श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक पुण्यास निघालें. पुढें अर्नेस्ट क्लेमेंट्स हे इंग्रज न्यायाधीश त्यांना मिळाले, व दोघांच्या खटपटीनें श्रुति दाखविणारी एक पेटी लंडनच्या मूर कंपनीकडून तयार करविण्यांत आली.

तारेच्या त्या साध्या साधनाची किंमत थोडी, करामत मोठी. लंडनच्या पेटीचें याच्या उलट झालें. १९१६ सालच्या बडोद्याच्या संगीत परिषदेंत ती मांडली गेली तेव्हां भातखंड्यांसारख्या जाणत्यांच्या कसोटीस ती उतरली नाहीं. गवयाचा स्वर रागाप्रमाणें किंचित् हलतो. त्याला बावीस पट्ट्यांत कायमचा कोंडून ठेवण्याचा हट्ट मुळांतच चुकीचा होता. देवलांचें मोजमाप मात्र त्यामुळें फुकट गेलें असें म्हणतां येत नाहीं. पेटीवरचा राग पुढें इतका वाढला कीं, १९४० च्या मार्चपासून आकाशवाणीनें तिला आपल्या केंद्रांतून बंदी केली, व ती १९७१ सालीं कोठें थोडी सैल झाली.

हा वाद चालू असतां तिकडे विजेवर सूर काढण्याचे प्रयोग होत होते. रशियाच्या लेव्ह तेरमेन यानें १९२० च्या सुमारास असें वाद्य केलें कीं, त्याला हात लावावा लागत नसे. तारेजवळ हात नेतां-आणतां सूर चढे-उतरे. फ्रान्समध्यें कॉन्स्टंट मार्टिन यानें १९४७ सालीं क्लॅव्हिओलिन काढलें. त्याची ओळख मुंबईला एका नागामुळें झाली: १९५४ च्या 'नागिन' चित्रपटांतील बीन कल्याणजींनीं याच व्हॉल्व्हच्या वाद्यावर वाजविली होती, आणि असंख्य लोकांनीं ती गारुड्याची खरी पुंगी समजून डोलत ऐकली. परंतु हीं वाद्यें विकत आणावयाचीं होतीं. घरीं बसून तीं जोडण्याची गोडी अमेरिकेंत रॉबर्ट मूग यानें लावली. १९६१ च्या जानेवारींत त्यानें तेरमेनच्या वाद्याची ट्रान्झिस्टरवरील कृति एका मासिकांत छापली, आणि सुटे भाग सुमारें ५० डॉलरांस विकले.

मग १९७२ च्या सुमारास हान्स कामेनझिंड या अभियंत्यानें आंखलेली '५५५' नांवाची आठ पायांची चिमुकली आयसी बाजारांत आली, व स्वस्ताईची हद्द झाली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ती आज दहा-पंधरा रुपयांत पडते. हिंदुस्थानांत इलेक्ट्रॉनिक तानपुरा रूढ करणारे बंगळूरचे जी. राज नारायण हे स्वतः अभियंते आणि बांसरीवादक. १९७९ च्या सुमारास त्यांनीं आपलें यंत्र पुढें आणलें. पण शाळकरी मुलाला जोडतां येईल अशी षड्जाची डबी त्याहून पुष्कळ साधी असते, आणि देवलांना जें साधावयाचें होतें त्यांतला कांहीं भाग ती सहज साधून जाते.

तिची युक्ति अशी. ५५५ ला एकदशांश मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडावयाचा. एक रेझिस्टन्स २,००० ओहमचा ठेवावयाचा, आणि दुसरा फिरत्या बटनानें ९,००० च्या आसपास आणावयाचा. कंडेन्सर भरतो, रिता होतो, पुन्हां भरतो; असें सेकंदास सुमारें ७२० वेळां घडतें. हा स्वर तसाच कर्ण्यांत सोडावयाचा नाहीं. ठोके मोजणाऱ्या आयसींना तो द्यावयाचा. जी दर तीन ठोक्यांस एक ठोका देते तिच्यांतून २४० चा षड्ज निघतो. दर चार ठोक्यांस एक देणारीतून १८० चा मंद्र पंचम. दर सहांस एक देणारीतून १२० चा खर्ज. तीन, चार आणि सहा, एवढ्या भागाकारावर तानपुऱ्याच्या चारही तारांचे सूर उभे राहतात. पेटीच्या सुराची खोट येथें शिरूंच शकत नाहीं, कारण हे सूर मोजणींतूनच निघालेले असतात.

चार सुरांसाठीं चार निरनिराळे आंदोलक जोडणारांना याचें महत्त्व अनुभवानें कळतें. स्वस्त कंडेन्सरची शक्ति उन्हानें बदलते. मराठवाड्याच्या वैशाखांत सकाळीं जुळलेले चार सूर दुपारीं चार दिशांना गेलेले असतात. एकाच आंदोलकाच्या डबींतहि षड्ज थोडा सरकतो, परंतु पंचम त्याच्याबरोबर तितकाच सरकतो. नातें तुटत नाहीं. काळी एक असो वा काळी पांच, बटन फिरविलें कीं सर्व सूर एकदम वर-खालीं होतात. खुंट्या पिळणें नाहीं, कीं तार तुटणें नाहीं. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालत असल्यामुळें वीज गेली तरी रियाज थांबत नाहीं.

एवढें असूनहि डबीचा आवाज कोरडा वाटतो, याचें कारण जवारी. तानपुऱ्यांत घोडीवर तारेखालीं सुताचा बारीक तुकडा सरकवितात. त्यालाच 'जीव' म्हणतात. तार घोडीच्या उताराला पुन्हां पुन्हां स्पर्श करते, त्यांतून उपस्वर एकामागून एक उमलत जातात, आणि स्वर विरतां विरतां रंग बदलतो. डबींतला चौकोनी ठोका अगदीं समसमान ठेवला तर त्यांत फक्त विषम उपस्वर येतात व आवाज पोकळ लागतो. ठोका अरुंद केला तर सर्व उपस्वर जागे होतात आणि तारेचा थोडा भास होतो. पण तो भास सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखाच राहतो. पुढील काळांत खऱ्या तानपुऱ्याचा नाद साठवून वाजविणारीं यंत्रें आलीं, तीं या बाबतींत बरींच सरस आहेत. घरीं जोडण्याचा प्रकार मात्र तेथें संपतो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें याच जवारीच्या कसबाला मिळालें असें म्हटलें तर वावगें नाहीं.

डबी जोडून झाली, बॅटरी लावली, तरी एक काम शिल्लक असतें: बटन नेमकें कोठें थांबवावें? त्यासाठीं शेजारची बाजाची पेटी मागून आणावी लागते. तिची काळी पांच दाबून धरावयाची, आणि हेलकावे मंदावत मंदावत थांबेपर्यंत डबीचें बटन हळूहळू फिरवावयाचें. एकाच सुरापुरतें काम असल्यामुळें त्या पेटीचा गांधार कसाहि असला तरी चालतो.