मानवी पोषणशास्त्र : पदव्युत्तर अध्ययन

मानवी शरीर अन्नातून काय घेते, त्याचे काय करते आणि त्याला किती लागते, याचा पदवीनंतर होणारा, साधारणपणे दोन वर्षांचा विद्यापीठीय अभ्यास. भारतात यासाठी बहुधा एम.एस्सी. ही पदवी दिली जाते; तिच्या नावात कुठे अन्न व पोषण, कुठे आहारशास्त्र, तर कुठे उपयोजित पोषण असे शब्द असतात. प्रवेश घेणाऱ्यांत गृहविज्ञानाचे पदवीधर बरेच असतात. जीवरसायन, परिचर्या, वैद्यक अशा शाखांतूनही विद्यार्थी येतात. अन्नघटकांची ओळख आणि आहारतक्ते बनवणे पदवीपर्यंत शिकून झालेले असते. पुढे विचारायचे ते असे, की तक्त्यातला आकडा आला कुठून, तो कोणाच्या शरीरावर मोजला आणि समोरच्या माणसाला कितपत लागू पडतो. या शास्त्रातले खरे कसब इथेच लागते.

भारतातील पोषण-संशोधनाची सुरुवात निलगिरीतील कुन्नूर येथे झाली. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ मध्ये तेथील पाश्चर संस्थेतल्या एका खोलीत बेरीबेरीच्या कारणांचा शोध हाती घेतला. त्यातून पोषण संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. ती १९५८ मध्ये हैदराबादला हलली आणि १९६९ मध्ये तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. हलवाहलवीच्या काळात तिचे संचालक विनायक नारायण पटवर्धन होते. आज या संस्थेत उपयोजित पोषणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो.

कुन्नूरच्या प्रयोगशाळेत काही काळ काम केलेल्या कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत) यांचे नाव या विषयात आदराने घ्यावे लागते. १९३३ मध्ये त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, तेव्हा त्या स्त्री आहेत म्हणून चं. वें. रामन यांनी नकार दिला. त्या मागे हटल्या नाहीत. अटी सोसून त्यांनी प्रवेश मिळवला. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी विद्यार्थ्यांना संशोधनासाठी दिलेले विषय पाहण्यासारखे आहेत : नीरा, कडधान्यांतील प्रथिने, म्हणजे सामान्य माणसाच्या तोंडी लागलेले, परवडणारे पदार्थ. प्रबंधाचा विषय लोकांच्या ताटातून उचलावा, हा त्यांचा धडा आजही घेण्याजोगा आहे.

अभ्यासक्रमात पोषक द्रव्यांचा चयापचय, शरीरक्रिया, संख्याशास्त्र, रोगपरिस्थितीविज्ञान, रुग्णाहार आणि सार्वजनिक पोषण हे विषय असतात. त्यांतले सर्वांत कष्टाचे आणि बाहेरच्यांना सर्वांत कमी ठाऊक असलेले काम म्हणजे आहार-सर्वेक्षण. चोवीस तासांच्या आहार-आठवणीच्या पद्धतीत विद्यार्थी घरी जाऊन स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला काल काय काय शिजले ते विचारतो. सोबत मापाच्या वाट्या, पळ्या आणि तराजू असतो. समजा, ६०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या दहा भाकरी झाल्या आणि त्यांतल्या तीन एकाने खाल्ल्या, तर त्याच्या नावे १८० ग्रॅम पीठ लागते. १५० ग्रॅम तूरडाळीची दीड लिटर आमटी झाली आणि त्याने २०० मिलिलिटर घेतली, तर डाळ भरते २० ग्रॅम. मग अन्नघटकांचे कोष्टक उघडायचे : ज्वारीत शेकडा सुमारे १० आणि तूरडाळीत सुमारे २२ प्रथिन धरले, तर या जेवणातून २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिन मिळाले. २०१७ च्या भारतीय कोष्टकांत ५२८ खाद्यपदार्थांचे विश्लेषण आहे.

हिशेब सोपा दिसतो. चुका शिरतात त्या विचारण्यात. फोडणीचे तेल कोणाला नीट आठवत नाही. मुलाने शेजारी खाल्लेले बिस्किट आईला ठाऊक नसते. काल चतुर्थी होती की बाजाराचा दिवस, यावर ताट बदलते. शेवटी जेवायला बसलेल्या बाईच्या वाट्याला काय उरले, हे ती स्वतःहून सांगत नाही. विचारले तरी ‘सगळ्यांसारखंच’ म्हणते. तिथे न थांबता पातेल्यात किती उरले होते, भाकरी किती होत्या, असे हळूच विचारत जावे लागते. देशातील स्त्रियांच्या आहाराविषयीच्या आकड्यांचे खरेखोटेपण बऱ्याच अंशी या दोन मिनिटांवर अवलंबून असते, म्हणून क्षेत्रकार्याला परीक्षेतील एखाद्या प्रश्नपत्रिकेइतकेच वजन मिळायला हवे.

खाल्लेले मोजल्यावर गरजेचा प्रश्न उभा राहतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींत सरासरी अंदाजित गरज आणि शिफारस केलेले प्रमाण असे दोन आकडे वेगळे दिले आहेत. प्रौढासाठी प्रथिनाची सरासरी गरज दर किलो वजनामागे दिवसाला ०.६६ ग्रॅम, तर शिफारस ०.८३ ग्रॅम आहे. पहिला आकडा निम्म्या निरोगी लोकांना पुरतो, दुसरा जवळजवळ सर्वांना. त्यामुळे एखाद्या वस्तीत शिफारशीपेक्षा कमी खाणारे सगळे कुपोषित, असा निष्कर्ष चुकीचा ठरतो. तरीही तो अहवालांतून सर्रास काढला जातो.

या फरकावरून पुण्यात एक मोठा वाद झाला. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्य मोजताना रोज माणशी २,२५० कॅलरींचा निकष धरला. सातारा जिल्ह्यात जन्मलेले आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे काम पाहिलेले पांडुरंग सुखात्मे यांचा त्यावर आक्षेप होता. एकाच माणसाची गरज दिवसागणिक कमीजास्त होते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेते. म्हणून सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशी मोजू नये, असे ते म्हणत. दांडेकरांनी त्याला सविस्तर उत्तर दिले. हैदराबादच्या संस्थेचे संचालक राहिलेले सी. गोपालन यांनी वेगळा मुद्दा मांडला : कमी अन्नाशी जुळवून घेतलेले शरीर त्याची किंमत वाढ आणि कामाच्या ताकदीत मोजते. सुखात्म्यांचे गणित भक्कम होते, पण खुरट्या वाढीला जुळवून घेणे म्हणता येत नाही, हे गोपालन यांचे म्हणणे प्रस्तुत लेखकाला अधिक पटते. पदव्युत्तर वर्गात हे लेखन मुळातून वाचून घेतले पाहिजे. आकड्यांवर धोरण कसे उभे राहते, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते.

ज्वारीचे उदाहरणही असेच शिकण्याजोगे आहे. नायसिनच्या कमतरतेने होणारा पेलाग्रा हा मका खाणाऱ्यांचा रोग मानला जाई. दख्खनच्या पठारावर तो ज्वारी खाणाऱ्या गरिबांत दिसला. ज्वारीतील ल्यूसिन या ॲमिनो अम्लाचे जास्त प्रमाण याला कारणीभूत असावे, अशी उपपत्ती गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडली. नंतरच्या प्रयोगांतून तिला पाठिंबाही मिळाला आणि विरोधही झाला. ज्वारीवर दोष ठेवण्यासारखे यात काही नाही. डाळ, दूध, भाजी ताटात नसणे हे मोठे कारण होते, आणि आहार सुधारला तसा रोगही हटला.

अलीकडच्या काळात पुण्यातील चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने या विषयाची दिशा बदलली. पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांच्या अभ्यासात बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो आढळले. पुण्याकडची बाळे हलकी होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःच्याच शरीराचे मोजमाप छायाचित्रासह प्रसिद्ध केले : दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजन-उंचीच्या गुणोत्तरावर विसंबून भारतीय माणसाचा मधुमेहाचा धोका का कळत नाही, हे एका छायाचित्राने जगभरच्या विद्यार्थ्यांना दाखवून दिले. गरोदर मातेतील ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि मुलाचे पुढचे आरोग्य यांचा संबंधही याच अभ्यासातून पुढे आला.

मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ आणि निर्मला निकेतनचे गृहविज्ञान महाविद्यालय, दिल्लीत लेडी आयर्विन महाविद्यालय, बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ, कोइमतूरला अविनाशीलिंगम ही या शिक्षणाची जुनी केंद्रे आहेत. उत्तीर्ण झालेले बरेच जण रुग्णालयांत आहारतज्ज्ञ होतात. भारतीय आहारतज्ज्ञ संघटनेची नोंदणी हवी असेल, तर रुग्णालयात उमेदवारी करून परीक्षा द्यावी लागते. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोग कायद्यात पोषणतज्ज्ञ व आहारतज्ज्ञ यांचा समावेश झाला. अंगणवाडी, शालेय पोषण आहार आणि आदिवासी भागातील बालउपचार केंद्रे यांना अशा माणसांची सर्वाधिक गरज आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, की ते मूल तीव्र कुपोषित ठरते आणि पुढचे निर्णय तातडीने घ्यावे लागतात. ते घेऊ शकणाऱ्या प्रशिक्षित पदव्युत्तरांसाठी तालुका पातळीवर कायम पदे निर्माण व्हायला हवीत.