सेल्फ-प्रोपेल्ड लॉन मॉवर म्हणजे काय? घरच्या अंगणासाठी चांगलं मशीन घेताना काय बघायचं?

मी अमेरिकेत पिट्सबर्गला राहतो. इथे स्वतंत्र घर घेतलं की घरासोबत एक काम आपोआप येतं, ते म्हणजे गवत कापणं. एप्रिल ते ऑक्टोबर, साधारण दर आठवड्याला. नाही कापलं तर बऱ्याच गावांत गवत ठराविक उंचीच्या वर गेल्यावर पालिकेची नोटीस येते. तुमच्यापैकी कोणाचे दादा-ताई इकडे असतील, कोणी स्वतः यायच्या तयारीत असेल. म्हणून आज या मशीनबद्दल सगळं सविस्तर सांगतो.

पहिली दोन वर्षं मी गॅरेज सेलमधून आणलेला जुना, हाताने ढकलायचा पेट्रोल मॉवर वापरला. मागच्या उन्हाळ्यात तो बदलला. का बदलला ते आधी सांगतो, कारण पुढची सगळी माहिती त्याच्याशी जोडलेली आहे.

बाबा साताऱ्याहून चार महिने राहायला आले होते. "नुसतं बसून कंटाळा येतो रे, एवढं तरी करू दे," म्हणत त्यांनी एका सकाळी मशीन बाहेर काढलं. मी ऑफिसच्या कॉलवर होतो. आमच्या घरामागे उतार आहे, गवतावर दव होतं आणि बाबांच्या पायात चपला. मशीन सरळ वर ढकलताना त्यांचा पाय घसरला, ते खाली बसले, हँडल सुटलं आणि मशीन मागे त्यांच्याच अंगावर घरंगळत आलं. हँडल सुटलं की पातं थांबायला हवं. ते थांबलं नाही, कारण आधीच्या मालकाने सेफ्टी बार प्लास्टिकच्या पट्टीने हँडलला बांधून ठेवला होता. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सारखा बार दाबून धरायला लागत नाही, सोयीचं आहे, म्हणून मी ती पट्टी तशीच ठेवली होती. बाबांनी पाय ओढून घेतला. चप्पल तिथेच राहिली, तिचे तुकडे झाले.

तेव्हापासून मॉवर बघताना इंजिन किती मोठं हे मी शेवटी विचारतो. आधी दोनच प्रश्न: मशीन माझ्या चालीने चालतं का? आणि मी सोडलं की थांबतं का?

सेल्फ-प्रोपेल्ड म्हणजे नक्की काय?

गवत कापायचं पहिलं मशीन १८३० मध्ये इंग्लंडमधल्या स्ट्राउडजवळ एडविन बडिंग या इंजिनिअरने बनवलं. ते माणसाने ढकलायचं होतं. आजच्या साध्या मॉवरमध्येही इंजिन फक्त पातं फिरवतं, पुढे ढकलायचं काम आपलंच.

सेल्फ-प्रोपेल्ड मॉवरमध्ये चाकांनाही ताकद मिळते. पेट्रोल मॉडेलमध्ये इंजिनपासून एक बेल्ट चाकांच्या गिअरबॉक्सकडे जातो. बॅटरीच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये चाकांसाठी वेगळी छोटी मोटर असते. तुम्ही मागे चालायचं आणि दिशा द्यायची. पण हा रोबोट नाही. हँडल तुमच्याच हातात असतं.

आधी अंगण मोजा, मोबाईलवरच

दुकानात जायच्या आधी दोन गोष्टी फोनवर मोजून घ्या.

१. क्षेत्रफळ: गूगल अर्थमध्ये मोजपट्टीचं चिन्ह असतं. गवताच्या कडेने बिंदू टाकत गेलात की क्षेत्रफळ दिसतं. आमचा प्लॉट पाव एकर, म्हणजे बाबांच्या भाषेत १० गुंठे. घर, गाडीचा रस्ता, झाडं वजा केली तर गवत उरतं सुमारे ६,००० चौरस फूट.

आता हिशोब बघा. २१ इंची मशीनचा प्रत्येक पट्टा शेजारच्या पट्ट्यावर ३ इंच चढवावा लागतो, नाहीतर मध्ये शेंड्या राहतात. म्हणजे खरी रुंदी १८ इंच, दीड फूट. ६,००० भागिले दीड म्हणजे ४,००० फूट. दर आठवड्याला सव्वा किलोमीटर चाल, तीही मशीन ढकलत!

२. उतार: तीन-चार फुटांची सरळ फळी गवतावर उताराच्या दिशेने ठेवा आणि तिच्यावर फोन ठेवा. आयफोनच्या मेझर अॅपमध्ये लेव्हल आहे. अँड्रॉइडवर कुठलंही बबल लेव्हल अॅप चालेल. फोन थेट अंश दाखवतो. बऱ्याच कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांत १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर मशीन चालवू नका असं लिहिलेलं असतं. १५ अंश म्हणजे एक मीटर पुढे गेल्यावर साधारण २७ सेंटिमीटर चढ. आमचा उतार सर्वात तीव्र जागी १३ अंश निघाला. मी तो दोन वर्षं डोळ्यांनी बघत होतो आणि "असेल पाच-सहा" म्हणत होतो.

कोणती चाकं ओढतात?

खरा फरक इथे पडतो.

- पुढची चाकं ओढणारं मशीन: सपाट अंगण, खूप झाडं, खूप वळणं असतील तर मस्त. हँडल थोडं खाली दाबलं की पुढची चाकं उचलली जातात आणि मशीन पटकन वळतं. पण चढावर वजन मागे सरकतं, पुढची चाकं घसरतात. मागची पिशवी गवताने भरली की आणखीच.
- मागची चाकं ओढणारं मशीन: चढावर वजन नेमकं ओढणाऱ्या चाकांवर येतं, त्यामुळे पकड चांगली. पिशवी भरली तरी अडत नाही. वळवायला किंचित जड.
- चारही चाकं ओढणारं मशीन: खडबडीत आणि उताराच्या जागेसाठी. पण वजन जास्त, किंमत जास्त, आणि बिघडू शकणारे भागही जास्त.

थोडक्यात, सपाट असेल तर पुढची, उतार असेल तर मागची, उतार आणि खड्डे दोन्ही असतील तरच चारही.

वेग कोण ठरवतं, तुम्ही की मशीन?

स्वस्त मशीनला एकच वेग असतो. तरुण माणसाला तो चालतो, पण वयस्कर माणूस त्याच्यामागे अक्षरशः ओढला जातो. त्याच्या वरच्या मॉडेल्समध्ये लिव्हरने वेग कमी-जास्त होतो. काही मशीन्समध्ये हँडलवर जितका दाब द्याल तितकं ते भरभर चालतं, थांबलात की थांबतं. काही महाग पेट्रोल मॉडेल्समध्ये हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह असतो, म्हणजे तेलाच्या दाबाने चाकं फिरतात आणि वेग झटके न देता बदलतो.

घरात एकापेक्षा जास्त माणसं मशीन वापरणार असतील तर बदलता वेग ही चैन नाही, गरज आहे. दुकानात ठेवलेल्या मशीनचं हँडल धरून बघा, उंची कमी-जास्त होते का बघा. घरातल्या सगळ्यात बुटक्या आणि सगळ्यात वयस्कर माणसाला धरून बघायला सांगा.

पेट्रोल की बॅटरी?

पेट्रोल: ताकद भरपूर, टाकी भरली की पुन्हा सुरू. पण ऑइल बदला, एअर फिल्टर बघा, प्लग बघा. टाकीत महिनाभर पडून राहिलेलं पेट्रोल खराब व्हायला लागतं आणि कार्ब्युरेटर तुंबतो. अमेरिकेत १५ टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल अशा छोट्या इंजिनात घालायला मनाईच आहे, १० टक्क्यांपर्यंत चालतं. शिवाय बाजार बदलतोय. होंडाने २०२३ मध्ये अमेरिकेत पेट्रोल मॉवर बनवणं थांबवलं. कॅलिफोर्नियात २०२४ पासूनची नवी मॉडेल्स धूर न सोडणारीच हवीत असा नियम आला.

बॅटरी: बटण दाबा आणि चालवा. आवाज बराच कमी, दोरी ओढायची कटकट नाही. पण गवत उंच किंवा ओलं असेल तर बॅटरी भराभर उतरते. डब्यावर लिहिलेली मिनिटं ही बुटक्या, कोरड्या गवताची समजा. थंडीत बॅटरी गॅरेजमध्ये न ठेवता घरात ठेवा. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करू नये.

बॅटरीवरचे आकडे कसे वाचायचे?

आपण फोन घेताना एमएएच बघतो. इथे व्होल्ट आणि अँपिअर-अवर असे दोन आकडे असतात. नुसता एक बघून फसू नका. दोघांचा गुणाकार करा, उत्तर वॉट-अवरमध्ये येतं, आणि तीच खरी साठवण.

एक गंमत म्हणजे, 'कमाल ४० व्होल्ट' असं लिहिलेली बॅटरी कामाच्या वेळी सरासरी ३६ व्होल्टचीच असते. आत १० सेल एकामागे एक जोडलेले, प्रत्येक ३.६ व्होल्टचा. ४० हा फक्त पूर्ण चार्ज झाल्यावरचा आकडा. म्हणजे ६ अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर ३६ गुणिले ६, बरोबर २१६ वॉट-अवर. तुमच्या ५,००० एमएएचच्या फोनमध्ये साधारण १९ वॉट-अवर असतात. म्हणजे या एका बॅटरीत ११ फोन मावतात. पातं आणि चाकं दोन्ही चालवायची म्हटल्यावर ही काही फार मोठी साठवण नाही. म्हणून दुसऱ्या बॅटरीची किंमतही आधीच विचारून घ्या.

सेफ्टी: हा भाग गाळू नका

२१ इंची पातं मिनिटाला ३,००० फेरे मारत असेल, तर त्याचं टोक ताशी सुमारे ३०० किलोमीटर वेगाने जात असतं. म्हणूनच अमेरिकेत १९८२ पासून मागे चालत वापरायच्या मॉवरला नियम आहे की हँडलवरचा बार सोडल्यावर ३ सेकंदांच्या आत पातं थांबलंच पाहिजे.

- सेफ्टी बार कधीही बांधू नका. सेकंड-हँड मशीन घेताना हीच गोष्ट सगळ्यात आधी बघा.
- मागे चालायचा मॉवर उतारावर आडवा चालवा, वर-खाली नाही. घसरलात तरी मशीन तुमच्या अंगावर येत नाही.
- ओल्या गवतावर चालवू नका. पायात बंद बूट हवेतच.
- खाली हात घालण्याआधी प्लगची वायर काढा. बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी आणि चावी दोन्ही काढा.
- बार सतत सोडावा लागतो याचा कंटाळा येत असेल तर 'ब्लेड ब्रेक क्लच' असलेलं पेट्रोल मॉडेल बघा. त्यात पातं थांबतं पण इंजिन चालू राहतं. सोय हवी असेल तर ती अशी विकत घ्या, पट्टी बांधून नको.

मी काय घेतलं?

मागची चाकं ओढणारं, २१ इंची, बदलत्या वेगाचं, बॅटरीवर चालणारं. मोठं इंजिन असलेलं पेट्रोल मशीन त्याच किमतीत मिळत होतं, पण माझ्या अंगणाला ताकद कमी पडत नव्हती, पकड कमी पडत होती. इथे सेल्फ-प्रोपेल्ड मशीन साधारण ४०० डॉलरपासून सुरू होतात, चांगली ६०० ते ९०० पर्यंत जातात.

नेहमी पडणारे प्रश्न

*गवत किती कापायचं?* एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त नाही. आमच्याकडच्या थंड हवेच्या गवताला ३ इंच उंची चांगली. फार खाली कापलं तर उन्हाळ्यात करपतं.

*पुण्या-नाशिकच्या बंगल्याला असं मशीन लागेल का?* हजारभर चौरस फूट सपाट लॉन असेल तर नाही. वायरचा साधा इलेक्ट्रिक मॉवर पुरतो, फक्त वायर पात्यापासून लांब ठेवा. पेट्रोलचं मशीन घेणार असाल तर त्याला किती इथेनॉल चालतं ते पुस्तिकेत बघा, कारण आता आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं.

*जुनं मशीन विकावं का?* मी आधी पट्टी कापली, मोकळ्या जागी मशीन चालू केलं, बार सोडला आणि मोबाईलच्या स्टॉपवॉचवर वेळ लावली. पातं पूर्ण थांबायला जवळपास ८ सेकंद लागले. ब्रेक कधीच झिजला होता. कोणीतरी २० डॉलर दिलेही असते, पण मी ते भंगारात दिलं.

तुमच्या घरी, काकांकडे, सोसायटीत जे काही मशीन असेल, त्याची ही स्टॉपवॉच टेस्ट आजच करून बघा. दोन मिनिटं लागतात. या वर्षी बाबा पुन्हा आलेत. गवत तेच कापतात, बूट घालून, आडवे पट्टे मारत, त्यांच्या चालीने.