तळटीप ७ : ‘गंगेकाठचे मागाचे गाव’

७. म्हणजे पैठण (जुने प्रतिष्ठान), अंबडच्या पश्चिमेला. गोदावरीला या भागात गंगाच म्हणतात. ही सातवाहनांची राजधानी. इथून अकीकाच्या जातीचे दगड गाड्यांवर लादून भडोचला जात, अशी नोंद पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. पण गावाचे नाव घरोघरी पोचवले पैठणीने. ‘पदर दोन्ही अंगांनी सारखा’ हे मूळ वाक्य अक्षरशः खरे आहे: नक्षीतल्या प्रत्येक रंगाची कांडी वेगळी असते, विणकर ती तेवढ्याच जागेत फिरवून शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतो. त्यामुळे उलट बाजूला सुटे धागे लोंबत नाहीत. असे सावकाश, अवघड काम राजाश्रय आटल्यावर टिकणे कठीणच होते. इथले माग थंडावले, येवल्याचे वाढले. आज लोक इथे येतात ते एकनाथांच्या समाधीसाठी (१५९९), नाथसागरावरचे पक्षी आणि पैठणी विणताना पाहायला. नाथसागर ज्याचा जलाशय, त्या जायकवाडी धरणाचे उद्घाटन १९७६ साली झाले. त्याचा डावा कालवा अंबड तालुक्यातून जातो. या प्रकरणातला नदीकाठ धरणापूर्वीचा आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. —संपा.